अपंगत्व, व्यायामपरंपरा आणि नागरिकाचा अधिकार

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेचा इतिहास बहुधा अव्यंग शरीराचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. तालमीची लाल माती, जोर-बैठका, मल्लखांब व कुस्ती यांच्या वर्णनांत बल आणि अव्यंगता या दोन कल्पना एकरूप झालेल्या दिसतात. मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्राने हे समीकरण खोटे ठरविले. मात्र ते कोणत्या परिस्थितीत खोटे ठरले, हा प्रश्न अभ्यासकांस अधिक महत्त्वाचा वाटावा.

पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे. सैन्याच्या विद्युत् व यांत्रिक अभियांत्रिकी दलात असताना त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालील भागास पक्षाघात झाला. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांतील भारताचे ते पहिले पदक होय. पद्मश्री मात्र त्यांस २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी लाभली.

या यशामागे वैयक्तिक जिद्द होती, तशीच संस्थात्मक व्यवस्थाही होती. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ साली इंग्लंडमधील स्टोक मॅन्डेव्हिल येथे युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तेथूनच पॅरालिंपिक चळवळीचा उगम झाला. रणांगण, रुग्णालय आणि क्रीडांगण हा जो क्रम तेथे दिसतो, तोच पेटकरांच्या आयुष्यातही आढळतो. उपचार, तलाव व स्पर्धेची वाट सैनिकास उपलब्ध होती.

शेतकऱ्याची व शेतमजुराची स्थिती निराळी होती. त्याच १९७२ साली परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढील काळात देशभर शेतीत यंत्रे वाढली आणि त्यांबरोबर अपघातही आले. मळणीयंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांचा प्रश्न इतका गंभीर झाला की, १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी केंद्रीय कायदा करावा लागला. त्यात जखमी मजुरास नुकसानभरपाईची तरतूद आहे. भरपाईने झालेल्या हानीची किंमत ठरते. उरलेल्या शरीराच्या सामर्थ्याचा विचार तीत नसतो.

तो विचार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ३० व्या कलमात आला. दिव्यांगांचा क्रीडाप्रकारांत परिणामकारक सहभाग साधणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. सैनिकास सेवेमुळे मिळालेली सोय अशा रीतीने नागरिकाचा अधिकार बनली. या अधिकाराची खरी परीक्षा राजधानीतील भव्य क्रीडागारांत होणार नाही. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील तालुक्याच्या व्यायामशाळेत एक हात गमावलेला मजूर प्रेक्षक म्हणून येतो की व्यायामपटू म्हणून, यावरून तिचा निकाल लागेल.