प्रोजेक्ट इको म्हणजे काय? तज्ज्ञ डॉक्टरांचं ज्ञान खेड्यापर्यंत पोचवणारं मॉडेल

टेलिमेडिसिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं: इकडे पेशंट, तिकडे शहरातला स्पेशालिस्ट, मध्ये व्हिडिओ कॉल. आपल्याकडची ई-संजीवनी साधारण याच पद्धतीने चालते. यात एक अडचण आहे आणि ती इंटरनेटच्या स्पीडची नाही. व्हिडिओ कॉलने अंतर कमी होतं, पण स्पेशालिस्टचा दिवस 24 तासांचाच राहतो. एका वेळी एकच पेशंट. रांग दवाखान्याबाहेरून उठून ॲपमध्ये जाते, एवढंच.

प्रोजेक्ट इकोने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. पेशंटला तज्ज्ञापर्यंत नेण्याऐवजी, पेशंटजवळ आधीपासून असलेल्या डॉक्टरला त्या आजारापुरता तयार करायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर टेलिमेडिसिन म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट मेन सर्व्हरकडे पाठवणं, आणि इको म्हणजे नेहमी लागणारी माहिती जवळच्या सर्व्हरवर कॅश करून ठेवणं. उपमा शंभर टक्के बसत नाही, कारण इथला 'जवळचा सर्व्हर' स्वतः विचार करतो आणि उलट प्रश्नही विचारतो!

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेतलं न्यू मेक्सिको हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा थोडं मोठंच आहे, पण लोकसंख्या जेमतेम 20 लाखांच्या आसपास. 2003 च्या सुमारास तिथे हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचे हजारो रुग्ण होते आणि उपचार मुख्यतः अल्बुकर्की शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू मेक्सिकोच्या क्लिनिकमध्ये मिळायचे. तिथली वेटिंग लिस्ट आठ महिन्यांची. काही पेशंट 400 किलोमीटरवरून यायचे.

त्या काळचे उपचारही सोपे नव्हते. इंटरफेरॉनचं आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत रायबाव्हिरिनच्या रोजच्या गोळ्या, आणि हे 24 किंवा 48 आठवडे. दुष्परिणाम बरेच: रक्तातलं हिमोग्लोबिन घसरतं, नैराश्य येतं, पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यामुळे खेड्यातले डॉक्टर हे उपचार सुरू करायलाच धजत नसत. पेशंटच्या बाजूने बघा. नंबर लागेपर्यंत यकृत खराब होत राहायचं, आणि नंबर लागला तरी दर तपासणीला दिवसभराचा प्रवास, बुडालेली मजुरी. बरेच जण येतच नसत.

त्या क्लिनिकमधले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला. (अरोरा यांचं एमबीबीएस आपल्या पुण्याच्या एएफएमसीमधलं.) इको हे 'एक्स्टेन्शन फॉर कम्युनिटी हेल्थकेअर आउटकम्स' या नावाचं लघुरूप.

सेशनमध्ये नेमकं काय होतं?

रचना हब आणि स्पोक अशी. हब म्हणजे मोठ्या रुग्णालयातली तज्ज्ञांची टीम. हिपॅटायटिससाठी त्यात यकृततज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञ आणि फार्मासिस्टही असत, कारण औषधाने नैराश्य आलं तर ते यकृततज्ज्ञाच्या हातातलं काम नाही. स्पोक म्हणजे गावोगावचे दवाखाने. सगळे ठरलेल्या वेळी, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, एकाच व्हिडिओ कॉलवर येतात.

सेशनमध्ये तज्ज्ञाचं छोटं लेक्चर असतं, पण मुख्य भाग तो नव्हेच. मुख्य भाग म्हणजे केस. समजा भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयातले मेडिकल ऑफिसर एक केस मांडतात: वय, लक्षणं, रिपोर्ट, आतापर्यंत दिलेली औषधं आणि 'मी अडलोय कुठे' हा प्रश्न. आधी इतर स्पोकवरचे डॉक्टर शंका विचारतात, आपला अनुभव सांगतात. मग हबमधले तज्ज्ञ बोलतात. शेवटी सल्ला लेखी स्वरूपात त्या डॉक्टरांकडे जातो. तो पाळायचा की नाही हे तेच ठरवतात. पेशंट त्यांचाच राहतो आणि जबाबदारीही.

आता गंमत बघा. कॉलवर 15 डॉक्टर आहेत आणि तासाभरात तीन केसेस झाल्या, तर सल्ला तीन पेशंटना मिळाला, पण तीनही केसेस 15 जणांनी ऐकल्या. पुढच्या महिन्यात तसाच पेशंट त्यातल्या कुणाकडेही आला तर फोन करायची गरज नाही. आपल्या क्षेत्रात कोड रिव्ह्यू जसा होतो तसंच हे आहे. रिव्ह्यू एकाच्या कोडचा, शिकते सगळी टीम. फक्त इथे बग निसटला तर माणूस जातो.

टेक्नॉलॉजी किती लागते?

खरं सांगायचं तर फार कमी. व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, केस भरायचा एक फॉर्म आणि पेशंटची प्रगती नोंदवणारा डेटाबेस. नेटवर्क कमजोर असेल तर कॅमेरा बंद करा. नुसत्या आवाजाला साधारण 60 ते 80 केबीपीएस पुरतात, आणि रिपोर्टचे फोटो आदल्या दिवशीच अपलोड करता येतात. यासाठी नवं ॲप बनवायला निघालेल्यांना माझा सल्ला एकच: नका बनवू. फॉर्म नीट करा. कामाच्या गडबडीत दहा मिनिटांत न भरता येणारा फॉर्म कुणीच भरत नाही.

लक्ष द्यायची जागा वेगळीच आहे, ती म्हणजे गोपनीयता. केसमध्ये पेशंटचं नाव नसतं, फक्त आयडी असतो. पण नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. 'अमुक गाव, 34 वर्षांची शिक्षिका, दुर्मिळ आजार' एवढ्यावर त्या तालुक्यातल्या कुणालाही व्यक्ती ओळखता येईल. त्यामुळे गाव आणि व्यवसाय गाळणं, वयाचा गट देणं आणि एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव झाकणं ही कामं फॉर्मनेच करून घ्यायला हवीत. रेकॉर्डिंग ठेवत असाल तर ते कोण उघडू शकतं हे पहिल्या दिवशीच ठरवा.

याचा उपयोग होतो का?

2011 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 407 रुग्णांचा अभ्यास आला. 146 जणांवर युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये उपचार झाले, 261 जणांवर गावांतल्या दवाखान्यांत आणि तुरुंगांत, इको पद्धतीने. विषाणू कायमचा गेल्याचं प्रमाण क्लिनिकमध्ये 57.5 टक्के आणि इकोमध्ये 58.2 टक्के, म्हणजे व्यवहारात सारखंच. गंभीर दुष्परिणाम क्लिनिकमध्ये 13.7 टक्के रुग्णांना, इकोमध्ये 6.9 टक्के. पण यावरून गावातले डॉक्टर जास्त चांगले असा अर्थ काढू नका. रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, त्यामुळे जास्त गुंतागुंतीचे रुग्ण क्लिनिकमध्ये असण्याची शक्यता राहते. निष्कर्ष एवढाच की खेड्यात उपचार घेतल्याने पेशंटचं नुकसान झालं नाही. माझ्या मते तेवढंही खूप आहे.

भारतातलं ठळक उदाहरण पंजाबचं. 2016 मध्ये तिथल्या सरकारने हिपॅटायटिस सीचे मोफत उपचार जिल्हा रुग्णालयांतून सुरू केले आणि डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी चंदीगडच्या पीजीआयएमईआरने इकोचा आधार घेतला. पहिल्या दोन वर्षांत 48 हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. तोवर इंटरफेरॉन जाऊन साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्या आल्या होत्या, त्यामुळे बरं होण्याचं प्रमाणही 90 टक्क्यांच्या वर गेलं. त्याचं श्रेय अर्थातच औषधाला आधी. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी बंगळुरूचं निम्हान्स हीच पद्धत वापरतं.

कुठे अडतं?

ऑपरेशन व्हिडिओ कॉलवर शिकवता येत नाही. तातडीच्या पेशंटला पुढच्या आठवड्याच्या सेशनपर्यंत थांबवता येत नाही, त्यासाठी ॲम्ब्युलन्सच हवी. औषध किंवा तपासणीचं किट तालुक्याला पोचलंच नसेल तर तज्ज्ञाचा सल्ला कागदावरच राहतो. आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची. ओपीडीत शंभर पेशंट बसलेले असताना मेडिकल ऑफिसर कॉलवर कसे येणार? जिथे वरिष्ठांनी तो एक तास ड्युटीत धरला आणि त्या वेळी ओपीडी बघायला दुसरा डॉक्टर दिला, तिथे हजेरी टिकते. जिथे 'जमलं तर जॉइन व्हा' असा मेसेज येतो, तिथे तिसऱ्या सेशनपासून स्क्रीनवर फक्त हबची टीम दिसते.