डिकेटर स्ट्रीटवरची रांग

तुम्ही इंदूरचे असा, बडोद्याचे, हैदराबादचे नाहीतर बेळगावचे, तुमच्या गावात एक तरी असं दुकान असणारच, जिथे एका पदार्थासाठी रांग लागते आणि मालकाला गिऱ्हाइकाची फारशी गरज आहे असं वाटत नाही. आज अशाच एका दुकानाचा इतिहास सांगतो. दुकान अमेरिकेतलं, न्यू ऑर्लिन्स शहरातलं. नाव सेंट्रल ग्रोसरी. फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीत, डिकेटर स्ट्रीटवर, साल्वातोरे लुपो नावाच्या सिसिलीतून आलेल्या माणसाने ते १९०६ साली काढलं.

असल्या दुकानाला अमेरिकेत ‘इटालियन डेली’ म्हणतात. गंमत म्हणजे डेली हा शब्द मुळात जर्मन. इटालियन माणसाच्या दृष्टीने ते किराण्याचंच दुकान: छताला टांगलेलं सलामी, चीजचे गोळे, पिंपातले ऑलिव्ह, तेलाचे डबे. इथलं प्रसिद्ध सँडविच म्हणजे मुफुलेत्ता. सिसिलीत हे नाव पावाचं आहे. वर तीळ लावलेला, गोल, चपटा पाव. न्यू ऑर्लिन्समध्ये तो आपल्या जेवणाच्या ताटलीएवढा असतो. तो आडवा कापायचा, आत हॅम, सलामी, मोर्तादेल्ला, प्रोव्होलोने आणि स्विस चीज यांचे थर, आणि या सगळ्यावर ऑलिव्ह सॅलड. ठेचलेले ऑलिव्ह, फ्लॉवर, गाजर, सेलरी, लसूण, ओरेगॅनो, भरपूर तेल. आपल्या भाषेत सांगायचं तर मुरलेलं लोणचंच.

याच्या जन्माची कथा लुपोंच्या मुलीने, मारी लुपो तूझा यांनी, १९८० साली पुस्तकात लिहिली. दुकानाशेजारी फ्रेंच मार्केट. तिथे भाजी विकायला आलेले सिसिलियन शेतकरी दुपारी दुकानात येत. थोडं सलामी, थोडं चीज, थोडं ऑलिव्ह सॅलड आणि पाव असं वेगवेगळं घेत आणि पिंपांवर, खोक्यांवर बसून, मांडीवर सगळं सांभाळत खात. सांडलवंड व्हायची. लुपो म्हणाले, पावच कापून सगळं आत का घालू नये? शेजारच्या दुकानांनीही पुढे श्रेयावर हक्क सांगितला. अशा कथांबाबत मी जरा सावध असतो. वडापावची गोष्टसुद्धा एका माणसावर आणि एका गाडीवर आणून ठेवली जाते. पदार्थ एका दुपारी जन्मत नाहीत. पण या कथेतलं एक चित्र मला खरं वाटतं: बसायला जागा नसलेली, घाईत जेवणारी कष्टकरी माणसं.

ही माणसं इथे आली कशी? लिंबांमुळे. पालेर्मो आणि न्यू ऑर्लिन्स यांच्यात लिंबू-संत्र्यांचा जुना व्यापार होता, त्यामुळे जहाजांची वाट तयार होती. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि लुइझियानाच्या ऊसमळेवाल्यांना मजूर हवे झाले. इकडे सिसिलीत दारिद्र्य. हजारो लोक त्याच वाटेने आले. उसाच्या मळ्यात राबून चार पैसे जमले की शहरात येऊन हातगाडी, मग टपरी, मग दुकान. फ्रेंच क्वार्टरच्या त्या भागाला लोक ‘लिटल पालेर्मो’ म्हणू लागले.

आणि शहराला ते नको होते. १५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मरताना त्यांनी इटालियनांकडे बोट दाखवलं असं पसरलं आणि शहरभर धरपकड झाली. एकोणीस जणांवर आरोप, त्यांतल्या नऊ जणांवर खटला. १३ मार्च १८९१ रोजी सहा जण निर्दोष सुटले, तिघांबाबत ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि अकरा जणांना ठार मारलं. त्यांत फळं विकणारा होता, जोडे शिवणारा होता, फळांची आयात करणारा व्यापारीही होता. काहींवर तर खटलाच चालला नव्हता.

जमाव म्हटला की आपल्याला गावगुंड दिसतात. इथे पुढारी वकील आणि व्यापारी होते. कुणालाही शिक्षा झाली नाही. त्यात सामील असलेले जॉन पार्कर १९२० मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर झाले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी बहिणीला पत्रात लिहिलं होतं की झालं ते एकंदरीत बरंच झालं. इटलीने आपला राजदूत परत बोलावला, तेव्हा कुठे १८९२ मध्ये अमेरिकेने २५,००० डॉलर भरपाई दिली.

आता १९०६ कडे पुन्हा पाहा. तो तुरुंग डिकेटर स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि मध्ये गेली होती फक्त पंधरा वर्षं. त्या बाजारातल्या प्रौढ सिसिलियन माणसांपैकी अनेकांना ती सकाळ आठवत असणार. अशा शहरात लुपोंनी दर्शनी रस्त्यावर आपल्या भाषेतल्या नावांचा माल मांडला. पदार्थाने मनं जिंकली आणि वैर संपलं, असं लिहायची फार सोय आहे. पुष्कळ जण लिहितात. मला ते पटत नाही. सँडविच आवडायला वेळ लागत नाही, ते बनवणारा शेजारी म्हणून चालायला पिढ्या जातात. लुपो १९४६ मध्ये निवृत्त झाले, दुकान जावई फ्रँक तूझा यांच्याकडे गेलं आणि आजही ते त्याच घराण्यात आहे.

मी तिथे गेलो होतो तेव्हा रांग दाराबाहेर फुटपाथवर आली होती. घाबरू नका, ती भराभर सरकते, कारण सँडविच आधीच बांधून कागदात गुंडाळून ठेवलेली असतात. तुम्हाला प्रश्न एकच: अर्धं की अख्खं? अर्ध्यात दोघांचं जेवण होतं. गरम करून मागू नका. जवळच्या नेपोलियन हाउसमध्ये गरम मिळतं आणि शहरात यावरून दोन तट आहेत. मी थंडवाल्यांचा. गरम केलं की चीज वितळतं, पण सॅलडची आंबट धार बोथट होते. आणि लगेच खाऊ नका. तासभर थांबलात तर तेल पावात मुरतं. नदी दोन मिनिटांवर आहे, तिथे बसून खा. मांस खात नसाल तर ऑलिव्ह सॅलडची बरणी घ्या. आमच्या घरी ती भाकरीबरोबर संपली.

ऑगस्ट २०२१ मध्ये आयडा चक्रीवादळाने इमारतीचं मोठं नुकसान केलं आणि दुकान तीन वर्षांहून अधिक काळ बंद राहिलं. २०२४ च्या अखेरीस ते पुन्हा उघडलं. त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या महापौर लाटोया कँट्रेल यांनी १८९१ च्या हत्यांबद्दल शहराच्या वतीने जाहीर माफी मागितली होती. लुपोंच्या दुकानाला तोवर एकशे तेरा वर्षं झाली होती.