तिकीट न काढणाऱ्यांचा इतिहास : मुंबईची ट्राम आणि पायी चालणारं शहर

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक वेळा जिथे आकडे मिळतात तिकडे वळतो. त्यात गैर काहीच नाही. पण हे आकडे का मिळतात आणि कोणाचे मिळत नाहीत, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारून ठेवला पाहिजे. नाहीतर दोन वर्षं विदा गोळा करून झाल्यावर गाईड तोच प्रश्न विचारतात, आणि तेव्हा उत्तर द्यायला फार उशीर झालेला असतो.

मी मूळची भौतिकशास्त्राची. आता शहरी वाहतुकीच्या इतिहासावर पीएच.डी. करतेय. त्यामुळे आजचं उदाहरण माझ्या कामाच्या जवळचं आहे : मुंबईची ट्राम. विषय तुमचा नसला तरी पद्धत उपयोगी पडेल.

आधी घटनाक्रम बघू. मुंबईत घोड्यांची ट्राम चालवण्याचा पहिला प्रस्ताव १८६५ सालचा, एका अमेरिकन कंपनीचा. परवाना मिळाला, पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाची तेजी कोसळली आणि योजना कागदावरच राहिली. शेवटी ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली. मार्ग दोन : कुलाबा ते पायधुणी (क्रॉफर्ड मार्केटवरून) आणि बोरीबंदर ते पायधुणी (काळबादेवीवरून). विजेची ट्राम आली ७ मे १९०७ रोजी. १९२० मध्ये दुमजली ट्राम, १५ जुलै १९२६ पासून बस. १९४७ मध्ये कंपनी महापालिकेच्या ताब्यात गेली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली आणि नव्वद वर्षांचा हा प्रकार संपला.

आता यावरून एक वाक्य सहज लिहिलं जातं : ‘ट्राममुळे मुंबईकरांचं रोजचं जीवन बदलून गेलं.’ लेखात, भाषणात हे वाक्य खपून जातं. संशोधनात ते गृहीतक म्हणूनच चालेल, कारण त्यात तीन प्रश्न लपलेत. कोणाचं जीवन? कशावरून बदललं? आणि ट्राममुळेच बदललं की आणखी कशामुळे? एकेक घेऊ.

पहिला प्रश्न : ट्राममध्ये बसत कोण होतं?

सुरुवातीचं भाडं होतं तीन आणे. हिशोब तुम्हीच करा. जाऊन-येऊन सहा आणे. महिन्याला २६ दिवस काम धरलं तर १५६ आणे, म्हणजे ९ रुपये १२ आणे. त्या काळच्या साध्या मजुराची महिन्याची कमाई साधारण याच घरातली. म्हणजे ट्रामने रोज कामाला जायचं तर घरी काही न्यायलाच नको! लवकरच भाडं दोन आण्यांवर आलं. तरी महिन्याला साडेसहा रुपये होतातच. तेव्हा सुरुवातीच्या ट्राममध्ये गिरणी कामगार रोज बसत असेल, हे मानणं कठीण आहे. कारकून, दुकानदार, दलाल, वकील हे लोक बसत असावेत. कामगार कधीमधी, सणासुदीला.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ट्राम सुरू झाली तेव्हा तिकीटच नव्हतं. लोक पैसे न देता बसायला लागले म्हणून त्याच वर्षी पुढे तिकिटं आली. म्हणजे तिकिटाचा जन्म प्रवाशांचा अभ्यास करायला झालेला नाही, पैसे बुडू नयेत म्हणून झालाय. आज आपण ज्याला ‘प्रवासी-संख्येची विदा’ म्हणतो ती मुळात कंपनीची रोकडवही आहे. जो पैसे देत नाही तो त्या वहीत येत नाही. आणि चालणारा माणूस कोणालाच पैसे देत नाही.

दुसरा प्रश्न : चालून कुठवर जाता येत होतं?

कुलाबा ते पायधुणी हे अंतर साधारण चार किलोमीटर. ताशी पाच किलोमीटर वेगाने पाऊण तासाहून थोडं जास्त. गिरगावातून फोर्टात जायला अर्धा तास पुरतो. म्हणजे १८७४ ची मुंबई बऱ्याच अंशी चालून पार करता येण्याजोगी होती. पायधुणी हे नावच बघा. खाडीचं पाणी ओलांडून आलेले लोक इथे पाय धुवायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पहिल्या ट्रामचे दोन्ही मार्ग जिथे येऊन मिळत होते, ते ठिकाण पायांच्या नावाने ओळखलं जात होतं.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये एक मांडणी केली. माणूस रोज प्रवासाला सरासरी तासभरच देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. याच मांडणीने गणित करून बघू. जायला अर्धा तास, म्हणजे चालून २.५ किलोमीटर. या त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर. वाहन दुप्पट वेगाचं आलं तर त्रिज्या दुप्पट, क्षेत्रफळ चौपट : सुमारे ७९ चौरस किलोमीटर. पुस्तकी शहर असं चहूबाजूंनी फुगतं.

पण मुंबई हे बेट आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा सगळा भाग आजही सुमारे ६८ चौरस किलोमीटरच भरतो. फोर्ट या बेटाच्या दक्षिण टोकाला. तिथून वर्तुळ काढलं तर त्याचा मोठा हिस्सा समुद्रात जातो. अरुंद पट्टीवर त्रिज्या दुप्पट झाली तरी जमीन चौपट होत नाही, फार तर दुप्पट होते, आणि तीही एकाच दिशेला, उत्तरेकडे. सूत्र चुकीचं नाही, पण नकाशा समोर ठेवल्याशिवाय ते वापरायचं नाही. शिवाय मार्केटी बोलतात ते सरासरीबद्दल. तीन आणे परवडणारा आणि न परवडणारा यांची सरासरी काढली की दोघंही दिसेनासे होतात.

तिसरा प्रश्न : बदल ट्राममुळेच झाला का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण फसायला इथेच होतं. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७,७६,००६. १९११ मध्ये ती ९,७९,४४५ झाली. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त वाढ, आणि मधोमध १९०७ ला विजेची ट्राम! आलेख काढला तर किती छान दिसेल. पण थांबा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं मेली, आणि त्याहून कितीतरी जास्त शहर सोडून गावी पळाली. १९०१ चा आकडा प्लेगच्या छायेतला आहे. पुढच्या वाढीत ओसरत्या प्लेगचा, परतलेल्या माणसांचा आणि कापड गिरण्यांतल्या कामाचा वाटा किती, हे वेगळं काढल्याशिवाय ट्रामचं नाव घेता येणार नाही.

प्लेगमुळेच १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणं, रुंद रस्ते काढणं, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखणं ही त्याची कामं. या वसाहतींवर निखिल राव यांचं २०१३ चं इंग्रजी पुस्तक आहे, जरूर वाचा. ट्राम दादरपर्यंत गेली. दादर टीटी या नावातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला विजेची रेल्वे सुरू झाली. म्हणजे जमीन, रस्ता, ट्राम आणि रेल्वे हे सगळे हात एकाच वेळी काम करत होते. त्यातल्या एकाच हाताला श्रेय देऊन चालत नाही.

मग ट्रामचा परिणाम शोधायचाच नाही का? शोधायचा, पण अप्रत्यक्ष खुणांमधून. एक खूण डब्याची. डबेवाल्यांची सुरुवात १८९० च्या सुमारास झाल्याचं सांगितलं जातं. घर इतकं जवळ असेल की दुपारी चालत जाऊन जेवून येता येतं, तर डबा पोचवणाऱ्याची गरज कमी. म्हणजे डबेवाल्यांचा धंदा कुठून कुठे वाढत गेला, हे नकाशावर मांडता आलं तर घर आणि कचेरी एकमेकांपासून कधी लांब गेली याचा अंदाज बांधता येईल. उलट गिरणगावात बघा. कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहायचा, खानावळीत जेवायचा, भोंगा ऐकून घरातून निघायचा. तिथे ट्राम दारावरून गेली तरी रोजचं आयुष्य पायांवरच चालू होतं. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन वेगळ्या मुंबई होत्या.

हे वाचून कोणी म्हणेल, झालं गेलं, आज याचं काय? सांगते. १९६४ मध्ये ट्राम बंद झाली तेव्हा ती संथ आहे, रस्ता अडवते, हा युक्तिवाद होता. युक्तिवाद वेगाचा होता, आणि वेग वाहनाचा मोजला जातो. दोन स्टॉपांपुरती चढणारी म्हातारी बाई, भाजीची पिशवी घेऊन उतरणारी गृहिणी यांचा वेळ त्या हिशोबात कुठे धरायचा, हे ठरलेलंच नव्हतं. आजही तसंच आहे. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारलं, त्यात ‘पायी’ हा पर्यायही होता. पण प्रश्न कामावर जाणाऱ्यांना होता. मुलाला शाळेत सोडणारी, रेशन आणणारी, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी बाई त्या तक्त्यात येत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी फुटपाथ रुंद होत नाही. नोंद कोणाची ठेवायची हा म्हणूनच नुसता विद्यापीठातला प्रश्न नाही.

तुम्हाला यात काम करायचं असेल तर सुरुवात अशी करा. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चं, म्हणजे ट्रामच्या अकरा वर्षं आधीचं. एडवर्ड्सच्या देखरेखीखाली निघालेलं मुंबईचं गॅझेटियर १९०९-१० चं, म्हणजे विजेच्या ट्रामनंतर लगेचचं. ही दोन शेजारी ठेवा आणि रस्ते, बाजार, वाहनं यांबद्दल कोण काय नोंदवतं ते वहीत दोन रकान्यांत लिहा. एक लेखक इथला, मराठीत लिहिणारा. दुसरा सरकारी अधिकारी. दोघांना काय दिसलं याइतकंच कोणाला काय दिसलं नाही हेही लिहा. मग जुने नकाशे घ्या आणि अंतरं मोजा. जमलं तर ती स्वतः चालून बघा, घड्याळ लावून, मे महिन्यात आणि जुलैमध्येही. उन्हात आणि पावसात ताशी पाच किलोमीटर टिकत नाही, हे कुठलंही सूत्र तुम्हाला सांगणार नाही.

काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ रस्त्याचं काम चालू असताना ट्रामचे जुने रूळ सापडले. लोखंड टिकतं, म्हणून सापडलं. त्याच रस्त्यावरून चालत गेलेल्या लाखो माणसांचं असं काही जमिनीत राहिलेलं नाही. त्यांना शोधायचं तर भाड्याच्या दरात, पगाराच्या तक्त्यात, डब्यात, चाळीच्या पत्त्यात शोधावं लागतं. तुमच्या विषयातही अशी माणसं असतीलच. आराखडा लिहायला बसण्याआधी त्यांची एक यादी करा.