नगारखाना, भोंगा आणि चूल

राज्यें कशीं उभारलीं गेलीं आणि कशीं लयास गेलीं, हें सांगणारे ग्रंथ मराठींत पुष्कळ आहेत. परंतु त्या राज्यांतील माणसें दोन्ही वेळां जेवत होतीं, आणि त्यांच्या मुखीं घांस पडावा म्हणून कोणीतरी पहांटे उठून चूल पेटवीत होतें, याची नोंद बखरकारांनीं क्वचितच घेतली आहे. लढाईंत किती घोडे पडले तें सांपडतें. त्या दिवशीं मुदपाकखान्यांत किती भाकरी भाजल्या गेल्या तें सांपडत नाहीं. वस्तुतः लेंकरें लहान, माणसें फार आणि दिवस तेवढाच, अशा घराची व्यवस्था लावणें ही राज्यकारभाराहून फारशी सोपी गोष्ट नव्हे.

नागपुरांतील महाल भागाकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक वेगळाच इतिहास डोळ्यांपुढें येतो. अठराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या रघूजी भोसल्यांनीं नागपूर ही आपली राजधानी केली, आणि राजवाड्याच्या आश्रयानें सरदार, मानकरी, चिटणीस, कारकून, वैद्य, भिक्षुक यांचीं घरें आसपास उठलीं. राजवाड्यापुढील नगारखान्यावर ठरल्या वेळीं नौबत झडे. त्या पेठेचें तेंच घड्याळ. कचेरीची घंटा नव्हती, शाळेची हजेरी नव्हती. पुरुषमंडळींचीं स्नानें, देवपूजा आणि वैश्वदेव आटोपले म्हणजे पानें मांडावयाचीं. मध्यान्ह टळली तरी कोणाचें कांहीं अडत नसे. अर्थात् अडत नसे तें जेवणारांचें. रांधणारी पहांटेपासून उपाशीच असे.

वाड्याची रचना पाहिली तर घरकामाची शिस्त दगडाविटांतच बांधलेली दिसते. पुढें ओसरी आणि चौक, आंत माजघर, त्याला लागून देवघर व स्वयंपाकघर, अंधाऱ्या बाजूस कोठीघर आणि मागें परसांत विहीर, न्हाणी व गोठा. कोठीघराच्या किल्ल्या घरांतील वडील स्त्रीच्या कमरेस. धान्य कणग्यांत, पाणी रांजणांत, नित्याचे मसाले भिंतींतल्या फडताळांत, दूधदुभतें मांजरापासून वांचविण्यासाठीं शिंक्यावर, आणि क्वचित् लागणाऱ्या वस्तु मडक्यांच्या उतरंडींत. आज काचेच्या व प्लॅस्टिकच्या डब्यांवर नांवाच्या चिठ्ठ्या डकविण्याची चाल पडली आहे. उतरंडीस चिठ्ठी नसे. कोणत्या मडक्यांत मेथ्या आणि कोणत्यांत सुंठ, हें अंधारांत हात घालून सांगणारी बाई घरांत असे, आणि ती गेली म्हणजे तिच्याबरोबर सगळी यादीच जाई.

नागपूरचें स्थानही असें कीं, पूर्वेस भंडाऱ्याकडे भाताचा मुलूख आणि पश्चिमेस वऱ्हाडाकडे ज्वारीचा. त्यामुळें येथील पानांत भात, पोळी आणि भाकरी या तिघींनाही मान मिळाला. वर्षाचें धान्य भरण्याचा काळ उन्हाळ्याचा. नागपूरचा वैशाख प्रसिद्धच आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हाची भीति बाळगण्याऐवजीं गृहिणींनीं त्यालाच कामास लावलें. कुरडया, पापड, शेवया, सांडगे, मुंगवड्या अंगणांत पसरल्या जात. गव्हांत कडुलिंबाचा पाला घालून कणग्या लिंपल्या जात. तुरीच्या डाळीस एरंडेल चोळून ती ठेवीत. भर पावसांत बाजार बंद पडला, किंवा घरांत बाळंतपण निघालें, तर हें सांठवणच घर तारी. ताजी भाजी मिळाली नाहीं तर भिजविलेल्या मुंगवड्यांचा रस्सा आणि भात, एवढ्यावर दहा पानें सहज उठत.

आतां खरा प्रश्न असा कीं हें सगळें करी कोण? वाड्याच्या नीटनेटकेपणाचें कौतुक करणारे या प्रश्नाशीं फारसे थांबत नाहींत. मोलकरणी बाहेरचीं कामें करीत. परंतु सोवळ्यांतला स्वयंपाक घरच्याच बायकांनीं करावयाचा. आणि त्यांतही सर्वांत अधिक भार जिच्यावर पडे ती बहुधा घरांतली बालविधवा. कोणाची नणंद, कोणाची आत्या, कोणाची जाऊ. तिला स्वतःचा संसार नाहीं, म्हणून सगळ्यांचा संसार तिच्याकडे. ओलेत्यानें चुलीपुढें बसावें, भावजयांचीं मुलें न्हाऊं-माखूं घालावींत, आणि एकभुक्त राहून शेवटीं उरेल तें खावें. ज्या मातेस पांच-सहा लेंकरें होतीं तिला तीं वाढवितां आलीं, कारण जिला एकही नव्हतें ती दिवसभर राबत होती. १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. परंतु कायद्याला सदर दरवाजांतून माजघरापर्यंत येण्यास फार काळ लागला. जुन्या एकत्र कुटुंबाच्या सुव्यवस्थेचा हिशेब मांडतांना हें खातें वगळलें तर तो हिशेब खोटा ठरेल.

डिसेंबर १८५३ मध्यें तिसरे रघूजी निवर्तले आणि १८५४ सालीं डलहौसीनें औरस वारस नाहीं या सबबीवर राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील हत्ती, घोडे आणि बैल यांचा लिलांव झाला; जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीसाठीं गेलें. वयोवृद्ध बांकाबाईसाहेबांनीं राज्यासाठीं केलेली खटपट व्यर्थ झाली, आणि १८५८ सालीं त्यांचाही अंत झाला. ही हकीकत इतिहासांत आहे. परंतु राजवाड्याच्या कोठ्या बंद झाल्या तेव्हां त्यांवर पोसलेल्या शेंकडों चुलींचें काय झालें असेल, याचा विचार केला पाहिजे. ज्या घरीं सरकारी शिधा येत होता तेथें आतां पगाराकडे पाहण्याची वेळ आली. पुढें १८६४ सालीं जुना राजवाडा आगींत जळाला. भव्य नगारखाना तेवढा उभा राहिला.

१८६१ सालीं मध्यप्रांताची स्थापना झाली आणि नागपूर हें त्याचें मुख्य ठिकाण ठरलें. आतां कचेऱ्या आल्या, कारकुनी आली, मुलांच्या शाळा आल्या. या गोष्टीचा चुलीशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं भोजनाची वेळ दोन-तीन तासांनीं अलीकडे ओढली गेली. जें जेवण मध्यान्हीं होत होतें तें कचेरीच्या वेळेपूर्वीं, साडेनऊ-दहास, झालें पाहिजे असें ठरलें. पुरुष घाईनें चार घांस गिळून निघे; मुलें पाटी-दप्तर घेऊन त्याच्यामागें. देवपूजा आंखडली, वैश्वदेव सुटला, परंतु वरण, भात, भाजी, पोळी यांपैकीं एकही पदार्थ सुटला नाहीं. वेळ कमी झाला आणि काम तेवढेंच राहिलें. महालांतील गृहिणीच्या दिवसांत घाई नांवाची वस्तु प्रथम शिरली ती या वेळीं.

दुसरा धक्का याहून मोठा होता. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें ज्या दिवशीं जाहीर झालें त्याच दिवशीं, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नगारखान्याच्या जागीं आतां गिरणीचा भोंगा आला. नौबतीला उशीर झाला तर रागावणारें कोणी नव्हतें. भोंग्याला उशीर झाला तर रोज कापला जाई.

महालाच्या आसपासच्या वस्त्यांत हातमागावर रेशीमकांठी धोतरें व लुगडीं विणणारे कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या घरीं चूल आणि माग एकाच छपराखालीं. पुरुष मागावर, आणि बाई सूत उकलून कांड्या भरीत असे. सुताला लावण्याची खळही पिठाचीच, त्याच चुलीवर शिजविलेली. अशा घरांत स्वयंपाकास वेळ थोडा, म्हणून चव मसाल्यांतूनच काढावी लागे. खसखस, सुकें खोबरें, धणे, मिरे व मिरच्या भाजून पाट्यावर एकदां बारीक वाटावें, रश्शाला दाटपणा आणण्यास थोडें ज्वारीचें पीठ लावावें, आणि भाकरीबरोबर तो तिखट रस्सा ओरपावा. पुढें हातमाग बसूं लागला तेव्हां यांतल्या कांहीं घरांनीं खाणावळी काढल्या. सावजी म्हणून जें जेवण आज नागपूरचें भूषण मानलें जातें, त्याचा उगम राजवाड्याच्या मुदपाकखान्यांत नसून या विणकरांच्या चुलींत आहे. मोठ्या घरांनीं नाक मुरडलें. जिभेनें मात्र कौल दिला.

गिरणींत जाणाऱ्या बाईची स्थिति याहून बिकट. घरीं आत्या नाहीं, जाऊ नाहीं, परसांत विहीर नाहीं. १८९१ च्या कारखाने-कायद्यानें स्त्रियांचें काम दिवसास ११ तासांवर आणलें, यावरून त्यापूर्वींची कल्पना करावी. १९२२ सालींही मर्यादा ११ तासांचीच राहिली, आठवड्याची ६० तास झाली. १९३४ च्या कायद्यानें ती दिवसास १० व आठवड्यास ५४ तास झाली. अकरा तास गिरणींत, त्याच्या अलीकडे-पलीकडे पाणी, सरपण, दळण आणि दोन वेळचा स्वयंपाक. मग तान्हें मूल कोणी पाहावें? मुंबईच्या गिरणगांवांत याचें उत्तर बाळगोळी हें होतें. अफूची बारीक गोळी मुलाच्या तोंडांत घातली कीं तें दिवसभर निपचित पडून राही. आईला दोष देणें सोपें आहे. अफू देणारी आई निर्दय नव्हती. तिच्यापुढें भोंगा आणि भूक एवढेच दोन पर्याय होते.

या बाबतींत नागपूरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कायद्याची सक्ती होण्यापूर्वींच एम्प्रेस मिलनें कामकरी स्त्रियांच्या मुलांसाठीं पाळणाघरें चालविलीं. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत आणि १९३० सालीं मध्यप्रांतांत प्रसूतिकाळच्या साहाय्याचा कायदा झाला. १९३४ च्या कायद्यानें, ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांस मुलांसाठीं खोली ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि १९४८ च्या कायद्यानें ती सर्वत्र सक्तीची केली. वाड्यांतल्या आत्याचें काम आतां कायदा करूं लागला होता. फरक एवढाच कीं या कामाबद्दल कोणास तरी वेतन मिळूं लागलें.

आणि वाड्यांतल्या आत्याही मागें राहिल्या नाहींत. बालपणींच वैधव्य आलेल्या कमलाबाई होस्पेट यांनीं नागपुरांत परिचारिकेचें शिक्षण घेतलें आणि १९२१ सालीं वेणूताई नेने यांच्यासह सीताबर्डींत चार खाटांचें सूतिकागृह काढलें. तीच पुढें मातृसेवा संघ ही मोठी संस्था झाली. जिनें जन्मभर दुसऱ्यांच्या बाळंतिणींना डिंकाचे लाडू करून घालावयाचे, तिनें बाळंतपणाचें शास्त्रच हातीं घेतलें.

गिरणीच्या व कचेरीच्या घाईंतून जें पाकशास्त्र टिकलें त्यांत गोळाभाताचें स्थान मोठें आहे. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड पिठांत तिखट, मीठ, हळद, हिंग व तेलाचें मोहन घालून गोळे वळावयाचे. भात शिजत आला कीं ते त्यांत खोंचून झांकण ठेवावयाचें आणि निखाऱ्यावर वाफ आणावयाची. वाढतांना गोळा भातांत कुस्करून वर फोडणीचें तेल. एक भांडें, एक विस्तव, आणि पोट भरेल असें धान्य व डाळ दोन्ही. वडाभाताचा थाट मोठा, सणावारीं तोच शोभतो. पण लेंकरूं कडेवर असतांना होतो तो गोळाभात.

साधनांनीं किती काम हलकें केलें हेंही पाहिलें पाहिजे. १८७० च्या दशकांत अंबाझरीचें पाणी नळानें शहरांत आलें आणि विहिरीचा रहाट सुटला. पिठाची गिरणी आली आणि पहांटेचें जातें थांबलें. त्याबरोबर ओंव्याही थांबल्या, याची हळहळ वाटणारे बहुधा ते, ज्यांनीं कधीं पायली दळली नाहीं. प्रायमस स्टो आला, त्यानें धूर घालविला. १९१० सालीं कलकत्त्याच्या डॉक्टर इंदुमाधव मल्लिकांनीं इक्मिक कुकर काढला; खालीं कोळसे, वर एकावर एक डबे, आणि वाफेवर सगळें अन्न एकदम. १९५९ नंतर देशी बनावटीचे दाबाचे कुकर बाजारांत आले तेव्हां तुरीची डाळ शिजण्याची तासाभराची वाट कांहीं मिनिटांची झाली. आणि पुस्तकेंही निघालीं: १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’, १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’. सासू किंवा आई शेजारीं असेल तर प्रमाणें लिहून कोण ठेवतो? मुली नोकरीच्या गांवीं वेगळीं बिऱ्हाडें करूं लागल्या, म्हणूनच उतरंडीची यादी कागदावर उतरली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं एम्प्रेस मिल कायमची बंद पडली. तिच्या जागेवर आतां दुकानांची मोठी इमारत उभी आहे. महालांतले पुष्कळ वाडेही पडले आणि त्यांवर मजले चढले. तरी भाद्रपदांत महालक्ष्म्या येतात. पुणें-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच ह्या. पण वैदर्भीय घरांत त्यांचा थाट फार. दुसऱ्या दिवशीं पुरण, आंबील, कढी आणि सोळा भाज्या. आज घरांतील स्त्री बँकेंत किंवा शाळेंत नोकरीस असते, आणि सोळा भाज्या त्या चुकत नाहींत. कांहीं घरीं आदल्या रात्रीं नवरा आणि मुलगेही विळी-सुरी घेऊन चिरण्यास बसतात, हें नवें आहे. पुरण वाटण्याचें काम मात्र अद्याप कोणीं त्यांच्यावर सोंपविलेलें नाहीं, आणि त्या दिवसाच्या रजेचा अर्ज बहुधा तिलाच करावा लागतो.