मेणाच्या गोळीत नसलेली नावे

रेवदंड्याच्या कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत आणि त्यांच्यामध्ये पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. अलिबागहून येणारा रस्ता तट भेदून आत शिरतो, तेव्हा आपण एका शहरात प्रवेश करीत आहोत याची प्रवाशाला कल्पनाही येत नाही. फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा, ज्याला गावकरी सातखणी म्हणतात, तेवढा दुरून दिसतो. आज येथे ग्रामपंचायत आहे. परंतु पोर्तुगिजांचे चौल म्हणतात ते हेच. येथे नगर होते आणि नगराला नगरसभाही होती.

निवडणुकीचे वारे वाहू लागले, की धर्मग्रामातील कुटुंबे आम्हां धर्मगुरूंना हमखास एक प्रश्न विचारतात : ‘फादर, आपला माणूस उभा आहे, आपण काय करायचे?’ या प्रश्नातील ‘आपला’ हा शब्द सरळ वाटतो, पण तसा तो नाही. जुन्या चौलच्या नगरसभेकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते.

पोर्तुगिजांची वखार येथे १५१६ साली आली आणि १५२१ साली किल्ल्याचे काम सुरू झाले. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने घातलेला दीर्घ वेढा या वस्तीने सोसला. १५९४ साली खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांच्या हाती आला. नगर वाढले आणि गोवा, वसई यांच्याप्रमाणे येथेही ‘सेनादो द कामारा’, म्हणजे नगरसभा कारभार पाहू लागली. पोर्तुगीज नगरांतील अशा सभांकडे बाजारभाव, वजनेमापे, रस्त्यांची स्वच्छता, परवाने आणि दंड ही कामे असत. विषय पाहिले तर आजच्या नगरपरिषदेचेच!

निवडीची रीत मात्र मोठी विलक्षण होती. उमेदवार म्हणून कोणी उभा राहत नसे, मते मागत दारोदार फिरत नसे. नगरातील ‘भल्या माणसांनी’, म्हणजे प्रतिष्ठित कुटुंबप्रमुखांनी, काही निवडक मंडळी नेमायची. त्या मंडळींनी पुढील तीन वर्षांसाठी योग्य माणसांच्या याद्या करायच्या. या याद्या मेणाच्या गोळ्यांत बंद करून कुलपात ठेवीत. वर्ष पालटताना एखादे लहान मूल त्यांतील एक गोळी काढी आणि तीत ज्यांची नावे निघतील ते त्या वर्षीचे नगरसेवक होत. मुलाचा हात निष्पाप, म्हणून निवडही निष्कलंक, अशी त्यामागची श्रद्धा होती. (गोळीला ‘पेलौरु’ म्हणत. पोर्तुगालमध्ये नगरसेवकाकडील खात्याला आजही हाच शब्द वापरतात.)

मुलाचा हात निष्पाप होता यात शंका नाही, पण गोळ्या वळणारे हात मोठ्यांचे होते. कोणाचे नाव आत जायचे हे आधीच ठरलेले असे. बाप्तिस्मा झाला म्हणून कोणी पात्र ठरत नसे. नवख्रिस्ती, परधर्मीय रक्ताचे, हातांनी काम करणारे यांना नियमाने वर्ज्य केलेले होते. गोव्याच्या सभेत कारागिरांचे प्रतिनिधी बसत, हा काय तो दिलासा. कोळी, माळी, शिपाई, घरकाम करणारी बाई ही सारी त्याच चर्चमध्ये गुडघे टेकीत, त्याच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारीत. परंतु त्यांचे नाव मेणाच्या गोळीत शिरत नसे. वेदीपाशी एक आणि सभागृहाच्या दारी वेगळे, हा भेद त्या काळच्या ख्रिस्ती नगराने निमूटपणे चालू दिला, हे आम्हांस स्पष्ट म्हटले पाहिजे.

मे १७३९ मध्ये वसई पडली. पुढल्या वर्षीच्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेली. नगरसभेच्या पात्रतेचे लोक निघून गेले. मागे राहिले ते साधे ख्रिस्तजन. कोर्लई गावात त्यांचे वंशज आजही आहेत आणि पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली ते बोलतात. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नगरसेवकांचे पोर्तुगीज रेवदंड्यात शिलालेखांवर उरले. ज्यांना नगरसभेत जागा नव्हती, त्यांची बोली मात्र तोंडी जिवंत आहे.

मेणाच्या गोळीपासून मतपेटीपर्यंतची वाट लांब आणि टप्प्याटप्प्याची होती. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या ६४ जागांपैकी निम्म्या करदात्यांच्या मतांनी भरू लागल्या; प्रौढ मताधिकाराने तेथे पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. या मधल्या काळातला एक ख्रिस्ती माणूस आमच्या वाचकांनी ओळखून ठेवावा. माझगावात १८६४ साली जन्मलेले, मूळ उत्तनच्या घराण्याचे जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा १९०१ पासून सतरा वर्षे महापालिकेचे सभासद होते आणि १९२५ साली तिचे अध्यक्ष झाले. (‘महापौर’ हे नाव १९३१ पासूनचे.) टिळकांचे ते स्नेही, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, कामगार चळवळीतही अग्रेसर. केवळ कॅथलिकांच्या बळावर हे अध्यक्षपद मिळणे शक्यच नव्हते. हिंदू, पारशी, मुसलमान सभासदांना ते आपले वाटले, म्हणून ते त्या आसनावर बसले. ‘आपला माणूस’ हा शब्द त्यांनी केवढा रुंद केला!

आता कुटुंबांच्या प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेने आम्हां धर्मगुरूंना राजसत्तेत सहभागी होणारी पदे स्वीकारण्यास मनाई केली आहे आणि ते योग्यच आहे. प्रापंचिकांना मात्र ही वाट मोकळी आहे. १९६५ साली विश्वपरिषदेने सार्वजनिक पदाचा भार उचलणाऱ्यांचा गौरवच केला आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. तेव्हा धर्मग्रामातील एखादी शिक्षिका किंवा मासळी विकणारी भगिनी उभी राहिली, तर तिला ‘तुझे हे काम नव्हे’ असे सांगणारे आपण मेणाच्या गोळ्या वळणाऱ्यांच्याच पंगतीत बसतो. उलट, उमेदवार केवळ कॅथलिक आहे म्हणून डोळे मिटून मत टाकणेही आम्हांस मान्य नाही. त्याला पाण्याविषयी विचारावे, कचऱ्याविषयी विचारावे, मासळीबाजाराच्या ओट्यांविषयी विचारावे. पलीकडच्या आळीतील हिंदू किंवा मुसलमान शेजाऱ्याला तो आपला वाटतो का, हेही विचारावे. आणि व्यासपीठावरून आम्ही नाव घ्यावे ही अपेक्षा सोडावी; ती वेदी सर्वांची आहे.

कोर्लईत मते मागणारा दारी येतो तेव्हा मराठीत बोलणे होते. तो पुढच्या घरी वळला, की त्याच्याविषयीचा खल चुलीपाशी अजूनही त्याच जुन्या बोलीत चालतो.