पॉन्टकसल्टे जलसेतू : उपयोगातून टिकलेला वारसा

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात रेल्वेपूर्व काळातील कालव्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. वेल्समधील डी नदीवरील पॉन्टकसल्टे जलसेतू हे त्याचे ठळक उदाहरण होय. विल्यम जेसप व थॉमस टेलफर्ड या अभियंत्यांनी १७९५ ते १८०५ या काळात तो उभारला. उंच दगडी खांबांवर टेकलेली बिडाची पन्हळ सुमारे ३०७ मीटर लांब असून नदीपासून सुमारे ३८ मीटर उंचीवर आहे.

नौकेतून जाताना एका बाजूस घोड्यांनी नौका ओढण्याची वाट व कठडा दिसतो. दुसऱ्या बाजूस कठडाच नसल्याने पन्हळीच्या काठापलीकडे थेट दरी दिसते. चिकणमातीच्या जड अस्तराऐवजी बीड वापरल्यामुळेच एवढ्या उंचीवर सडपातळ बांधकाम शक्य झाले, हे येथे प्रत्यक्ष उमगते.

मर्सी, डी व सेव्हर्न या नद्या जोडण्याची मूळ योजना मात्र अपूर्ण राहिली. पुढे मालवाहतूक ओसरली आणि १९४४ च्या कायद्याने हा कालवा नौकानयनास बंद करण्यात आला. तरीही तो बुजविला गेला नाही. कारण हॉर्सशू येथील बंधाऱ्यापाशी डी नदीतून घेतलेले पाणी त्यातूनच इंग्लंडमधील चेशायरकडे जात होते. या पाण्यामुळेच कालांतराने पर्यटकांच्या नौका येथे येऊ शकल्या. २००९ मध्ये युनेस्कोने जलसेतू व कालव्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

म्हणूनच वारसा-संवर्धनाच्या अभ्यासात वास्तूच्या भव्यतेइतकाच तिच्या अखंड उपयोगाचाही विचार व्हावयास हवा.