फोटो काढला, पण ठेवला कुठे?

गेल्या महिन्यात माझी भाची गेवराईहून बीडला आली होती. कॉलेजात शिकते. म्हणाली, "मामू, मला फोटोग्राफी शिकायची आहे. पहिला कॅमेरा कोणता घेऊ? आणि कॉम्प्युटर कसला घेऊ?" मी पडलो बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण या प्रश्नाचं एक उत्तर मी फार महागात शिकलो आहे. तेच तिला सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात जरा लांबून करू. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातलं फोटोग्राफीतलं सर्वांत मोठं नाव म्हणजे लाला दीनदयाळ. सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. त्या काळी फोटो काचेवर उतरायचा. पडद्यातल्या बायकांचा फोटो कुणी काढायचा, हा प्रश्नच होता. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या बाईंच्या हाती सोपवला. दीनदयाळ १९०५ साली वारले. पण त्यांच्या काचा राहिल्या. त्यांतल्या अडीच हजारांवर काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळवल्या. माणूस गेला, संस्थान गेलं, काच मात्र टिकली. एवढं ध्यानात ठेवा.

काचेनंतर रोल आला. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचा. धुऊन आला की फोटो अल्बममध्ये आणि निगेटिव्ह कपाटात. फोटो फाटला तरी निगेटिव्हवरून दुसरा निघायचा. म्हणजे जपून ठेवण्याची सोय त्या पद्धतीतच होती.

मग डिजिटल कॅमेरा आला. पहिला १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्रात ठिपके फक्त दहा हजार. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत आणि बघायला टीव्ही लागे. काच नाही, रोल नाही. उजेडाचे नुसते आकडे. आकडे म्हटले की ते लिहून ठेवायला जागा हवी. ती जागा कुठली, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

आमच्याकडे हा कॅमेरा पोचायला तीस वर्षं लागली. २००५ साली मला थकबाकीचे काही पैसे मिळाले. एमएस-सीआयटी झालेल्या पुतण्याला घेऊन मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. तेव्हा एकटा कॅमेरा घेऊन भागत नसे. कॅमेऱ्यासोबत १६ एमबीचं कार्ड आलं. त्यात आठ फोटो मावत. नववा काढायचा तर आधीचे कॉम्प्युटरवर उतरवायचे. म्हणून दोन्ही एकदमच घेतलं.

पैसे मोजके होते. दुकानदाराने दोन पर्याय ठेवले. तीन मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि कॉम्प्युटरला सीडी रायटर. किंवा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि साधा कॉम्प्युटर. मी पाच मेगापिक्सेल घेतले. आकडा मोठा ना! चार बाय सहा इंचांच्या फोटोला दोन मेगापिक्सेल पुष्कळ होतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एका सीडीत माझे साडेतीनशे फोटो बसले असते आणि कोरी सीडी दहा-पंधरा रुपयांना मिळत होती, हा हिशेबही तेव्हा केला नाही.

पहिल्या रविवारी खजाना बावडीचे फोटो काढले. मग अम्माचे. आमच्या घरात भिंतीवर माणसाची तसबीर लावत नसत. अम्माचा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा, तोही काळपट. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण म्हणाली, "सरकारला तोंड दाखवलं, मग पोराला का नको?" आणि पदर सारखा करून बसली. पुढच्या तीन वर्षांत मी तिचे शे-दीडशे फोटो काढले. भाकरी थापताना, मिरच्या वाळवताना, शेळीला पाला घालताना. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याच्या पातेल्यासमोर बसलेली.

२००८ साली अम्मा गेली. पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री भारनियमनानंतर वीज आली, गेली, पुन्हा आली. सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "हार्ड डिस्क गेली, साहेब."

"आणि आतलं?"

"आतलं तिच्याबरोबर."

मी घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. बावडीचे फोटोही गेले होते. पण बावडी जागेवर आहे, उद्या पुन्हा काढता येतील. अम्माचं तसं नव्हतं.

एक फोटो तेवढा वाचला. शीरखुर्म्याचा. धाकट्या बहिणीने हट्टाने मागितला होता, म्हणून बाजारातल्या स्टुडिओत कागदावर काढून दिला होता. काही रुपयांचं काम. आज तो गेवराईला तिच्या कपाटात, कपड्यांच्या घडीत आहे.

तर भाचीला मी काय सांगितलं? आज कुठल्याही कॅमेऱ्यात, अगदी फोनमध्येही, गरजेपेक्षा जास्त मेगापिक्सेल असतात. त्या आकड्याला भुलू नकोस. हातात नीट बसेल असा जुना कॅमेरा घेतलास तरी चालेल. उजेड बघायला त्यावरही शिकता येतं. कॉम्प्युटर फार भारी नको. पण पैसे मोजायला बसशील तेव्हा आधी वेगळी हार्ड डिस्क घेण्यापुरते बाजूला काढ, मग उरलेल्यात कॅमेरा बघ. प्रत्येक फोटो दोन ठिकाणी ठेव आणि दुसरं ठिकाण दुसऱ्या घरात असू दे. वर्षाला दहा फोटो निवडून कागदावर काढ. आमच्याकडे ईदला, तुमच्याकडे दिवाळीला, घर आवरताना हे काम सहज होतं.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामू, नानीचा तो फोटो मी आधी स्कॅन करून आणू का?"

मी म्हटलं, "आण. आणि दोन प्रती काढ."